मोठा कुत्रा आणि कोकणातलं घर: लादी निवडताना या चुका टाळा

लादीच्या दुकानात गिऱ्हाईक नमुना हातात घेतं, उजेडात धरून बघतं, वरून बोट फिरवतं आणि भाव विचारतं. पाणी ओतून कोणी बघत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या दिवसांत ३०-३५ किलोंचा लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड अंगण आणि घर यांच्यात सतत ये-जा करतो आणि येताना चारही पायांना तांबडी माती घेऊन येतो. लादी टिकते की नाही, कुत्रा तिच्यावर टिकतो की नाही, हे तेव्हा कळतं. दुकानात मात्र सगळी चौकशी ओरखड्यांची होते.

चकाकी बघून लादी घेणं

कुत्रा जमिनीत नखं रोवून चालतो आणि पळतो. पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड लादीत नख रुततच नाही, मग सगळा भार पंजाच्या गादीवर येतो आणि गादी ओली असली की पकड सुटते. मागचे पाय बाजूला फाकतात, वळताना कंबर लचकते. दारावरची घंटा वाजल्यावर हॉलमधून धावत सुटलेला आणि दाराशी जाऊन आपटलेला कुत्रा बघून घरातले हसतात, पण हे रोज होत असेल तर ते सांध्यांना महागात पडतं. लॅब्राडोर, शेफर्ड, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष म्हणजे हिप डिस्प्लेशिया मुळात आनुवंशिक असतो. निसरडी जमीन तो जन्माला घालत नाही, पण वाढत्या पिल्लाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला त्याचा त्रास वाढवते.

दुकानात विचारायचं ते असं: या लादीचं 'आर' रेटिंग काय? आर ९ पासून आर १३ पर्यंत ही श्रेणी असते, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. आर ९ म्हणजे सगळ्यात खालची पायरी. घरात आर १०, पडवीत आणि न्हाणीघरात आर ११ बघावी. पण ही चाचणी बूट घातलेल्या माणसाला तेल लावलेल्या उतारावर चालवून घेतात, आणि आपला गडी अनवाणी फिरतो. अनवाणी पायांसाठी ओल्या लादीची वेगळी चाचणी आहे, तिचे ए, बी, सी असे वर्ग असतात आणि सी सगळ्यात पकडीचा. खोक्यावर तो छापलेला असेल तर आरपेक्षा त्याच्याकडे बघा. दुकानदाराला दोन्ही माहीत नसतील, तर दोन लाद्या मागून घरी आणा, अंगणात सपाट ठेवा, पाणी ओता, थोडी माती टाका आणि त्यावर कुत्र्याला वळवून बघा. एवढी खात्री कुठल्याही छापील पत्रकातून मिळत नाही.

याच्या उलट चूकही होते. घसरण्याची भीती बसली की काही जण गाडी उभी करायची खरखरीत पार्किंग टाइल अख्ख्या घरात घालतात. तिच्या खाचांत तांबडी माती अशी बसते की फडकं फिरवून निघत नाही, ब्रशच घ्यावा लागतो, आणि सतत त्यावर पळणाऱ्या कुत्र्याच्या पंजाची गादी घासली जाते. खोल्यांत मॅट म्हणजे बिनचकाकीची लादी, पडवीत रफ, एवढी विभागणी पुरते. "मॅटवर डाग बसतात" हे दुकानदाराचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, पण चकचकीत लादीवर ओल्या पंजाचा प्रत्येक ठसा दिसतो, हे तो सांगत नाही.

नखांना घाबरून वाळूकडे दुर्लक्ष

लादीवरच्या ओरखड्यांचा आळ नखांवर येतो. कुत्र्याचं नख केराटिनचं, म्हणजे आपल्या नखासारख्याच द्रव्याचं. चांगल्या लादीला ते काही करू शकत नाही. खरा दोषी पंजात अडकून आलेली वाळू. खनिजांचा टणकपणा मोजायच्या मोहस श्रेणीत संगमरवराचं कॅल्साइट ३ वर आहे आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. वेंगुर्ल्याला, गुहागरला, दिवेआगरला रोज संध्याकाळी कुत्र्याला किनाऱ्यावर नेणाऱ्या घरात संगमरवर म्हणजे पॉलिश पेपरखाली ठेवलेली लादी. शहाबादी आणि कोटा हेही चुनखडकच, तेव्हा टणकपणात ते संगमरवराच्याच पंगतीचे. फरक इतकाच, की खडबडीत शहाबादीवर ओरखडा उठून दिसत नाही. ग्रॅनाइट टिकतं, पण पॉलिश केलेलं ओलं ग्रॅनाइट जिन्यावर अजिबात नको. लेदर किंवा फ्लेम फिनिश, म्हणजे पृष्ठभाग खडबडीत केलेलं, घ्या.

व्हिट्रिफाइडमध्ये 'फुल बॉडी' मॅट लादी मला सगळ्यात व्यवहारी वाटते. तिचा रंग वरपासून खालपर्यंत एकच असतो, त्यामुळे झीज झाली तरी आतून पांढरा चट्टा डोकावत नाही. छापील नक्षीच्या लादीत नक्षी वरच्या पातळ थरापुरतीच असते. कुठलीही घेतली तरी पाणी शोषायचं प्रमाण ०.५ टक्क्यापेक्षा कमी आहे का ते बघा. भिंतीची सिरॅमिक टाइल स्वस्त पडते म्हणून जमिनीला लावणारे अजून भेटतात. ती १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते आणि नुसतं पाणीच पीत नाही.

फ्लॅटमध्ये बघितलेली वुडन फ्लोरिंग गावच्या घरात

चाकरमानी मंडळींची ही आवडती चूक. लॅमिनेटच्या पोटात दाबलेल्या लाकडी भुशाचा एचडीएफ बोर्ड असतो. वरून सांडलेलं पुसून घेता येतं, पण जोडातून उतरलेलं पाणी, पाण्याच्या वाटीभोवतीचं रोजचं थारोळं आणि जमिनीतून वर चढणारी ओल यांनी बोर्डाच्या कडा फुगतात. एकदा फुगल्या की त्या परत बसत नाहीत. त्यात घर वर्षातले सहा महिने बंद असेल तर वाळवीला आमंत्रणच. लाकडाचाच देखावा हवा असेल तर लाकडी नक्षीची मॅट टाइल घ्या. एसपीसी नावाची दगडी चुरा आणि प्लास्टिकची पट्टी पाण्याने फुगत नाही आणि वरच्या मजल्यावर चांगली चालते. तळमजल्यावर मात्र ओल तिच्याखाली कोंडून बुरशीचा वास सुटतो.

जोडांचा विचार सगळ्यात शेवटी करणं

घरात कुत्र्याचा वास येतो तेव्हा तो बहुधा लादीतून येत नसतो, जोडातून येत असतो. आपल्याकडे लाद्या एकमेकींना खेटून बसवायच्या आणि वरून पांढरा सिमेंट फिरवायचा, ही जुनी सवय. मालवणकडचा गवंडी तर विचारतोच, "गॅप कित्याक व्हयो भाऊ? कचरो बसतलो." कचरा बसत नसेल, पण केसाएवढी फट राहतेच, पांढरा सिमेंट सच्छिद्र असतो आणि लघवी त्यातून खालच्या मालात उतरते. तिथे युरियाचा अमोनिया होतो. उन्हाळ्यात वास दबून राहतो; पावसाळ्यात दमट हवेत तो पुन्हा उठतो आणि कुत्रा त्या वासाने बरोबर त्याच कोपऱ्यात पुन्हा पाय वर करतो.

उपाय खर्चाचा आहे पण एकदाच करायचा आहे: स्पेसर म्हणजे फट राखणारे प्लास्टिकचे तुकडे घालून २-३ मिलिमीटरचा जोड ठेवायचा आणि तो इपॉक्सी ग्राउटने, म्हणजे राळेच्या भरावाने, भरायचा. तो पाणी पीत नाही. भरताना लादीवर सांडलेलं तिथल्या तिथे पुसून घ्यायला लावा, नाहीतर मॅट लादीवर त्याचा चिकट थर कायमचा राहतो. लादी मोठी घेतली, चार फूट बाय दोन फूट, तर जोड आपोआप कमी होतात. पडवीत मात्र लहान लादीच बरी, कारण तिथे उतार द्यायचा असतो आणि मोठी लादी उतारावर नीट बसत नाही. दर दहा फुटांना दीड इंच उतार असला की पाणी साचत नाही. पडवीच्या तोंडाशी नळ आणि मोरी ठेवली तर पंजे तिथेच धुऊन होतात. नव्या घराच्या नकाशात हे आधीच घाला, मागाहून फोडाफोड होते.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, हीही याच गटातली. चार इंचांची पट्टी नर कुत्र्याला पुरत नाही. कोपरे, खांब आणि दाराच्या बाजू दोन फुटांपर्यंत टाइलने झाका.

आणि डाग पडल्यावर ॲसिड घालू नका. बाजारातल्या बऱ्याच टाइल क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते सिमेंटचा जोड, संगमरवर, कोटा, शहाबादी सगळं खातं. खाल्लेला जोड आणखी लघवी पितो. लघवीवर ब्लीच ओतलं तर अमोनियाशी मिसळून घातक वाफा निघतात. फिनाइलने नुसता वास झाकला जातो, वर कुत्रा तेच ओले पंजे चाटतो. आधी कागदाने टिपून घ्या, साध्या पाण्याने पुसा, मग एन्झाइमचं क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ राहू द्या. ओतलं की लगेच पुसलं तर त्याचा उपयोग नाही.

उघडा चिरा

हल्ली जांभ्याच्या भिंती गिलावा न करता उघड्या ठेवायची आवड आहे. दिसायला सुंदर, मान्य. पण चिऱ्याच्या भोकांत गोचिडी राहतात. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याला होणाऱ्या गोचीडतापाची सुरुवात अनेकदा घरातल्याच भिंतीत असते. कुत्रा जिथे झोपतो तिथली भिंत खालून तीन फूट गिलावा करून किंवा टाइल लावून बंद करा, जमीन आणि भिंत मिळते तो सांधा भरून घ्या. अंगणात पेव्हर ब्लॉक असतील तर त्यांच्या फटीही अधूनमधून बघाव्या लागतात. गोचिडीचं औषध जमिनीवर फवारायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि पूर्ण वाळेपर्यंत कुत्रा बाहेर.

घाई

गणपतीच्या आत घर तयार हवं म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये लादी बसवून घेतली जाते. त्या हवेत माल वाळायला वेळ लागतो, आणि ओल्या सिमेंटवरून चाललेल्या कुत्र्याचे पंजे भाजतात, कारण ओला सिमेंट जहाल अल्कली असतो. एप्रिल-मे धरा. काम झाल्यावर प्रत्येक लादी नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली तर तेव्हाच उखडायला लावा, विशेषतः कोपऱ्याच्या.

लादी आधीच गुळगुळीत असेल तर

सगळं उखडायची गरज नाही. कुत्र्याचा ठरलेला रस्ता बघा: दारापासून पाण्याच्या वाटीपर्यंत, तिथून झोपायच्या जागेपर्यंत. तेवढ्याच पट्ट्यावर खाली रबर असलेल्या मॅट टाका. नुसती सतरंजी टाकलीत तर ती कुत्र्यासकट सरकते. पावसाळ्यात मॅट दोन-तीन दिवसांनी उचलून खालची जमीन वाळवा. दारात काथ्याचं जाड पायपुसणं हवं, मऊ कापडी नको. काथ्या वाळू झाडून घेतो. बोटांमधले केस कातरा. चालताना नखं टकटक वाजत असतील तर ती वाढली आहेत, आणि वाढलेल्या नखांमुळे पंजाची गादी जमिनीला पुरती टेकत नाही. मेणाचं पॉलिश आणि रॉकेलचा बोळा दोन्ही बंद. बाहेरच्या पायऱ्यांवरचं शेवाळ ताठ ब्रशने घासून काढा, दर पंधरा दिवसांनी. ब्लीचिंग पावडर वापरलीच तर भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय कुत्र्याला तिथे सोडू नका.

मे महिन्यात कुत्रा गार लादीवरच पसरणार, त्याला अडवण्यात अर्थ नाही. पण जड कुत्र्याच्या कोपरावर कडक जमिनीने घट्टा पडतो, कधी पाण्याची गाठही येते. झोपायला गोणपाटात गवत किंवा काथ्या भरून जाड गादी करा आणि ती उन्हात टाकता येईल एवढीच ठेवा.

एक गोष्ट लादीच्या माथी मारू नका. वर्षानुवर्षं त्याच जमिनीवर नीट चालणारा कुत्रा अचानक घसरायला लागला, उठताना मागचे पाय ओढायला लागला किंवा पायरी चढायला नको म्हणू लागला, तर मॅट आणायच्या आधी त्याला डॉक्टरांकडे न्या. संधिवात असू शकतो, मणक्याचं दुखणं असू शकतं, आणि कोकणात गोचीडतापाची रक्ततपासणी तर आधी करून घ्यावी.