परदेशात खाण्यापिण्याचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर

परदेशी फिरताना तिकिटं, हॉटेल यांचा हिशोब आधीच झालेला असतो. बजेट कोलमडतं ते रोजच्या खाण्यापिण्यात.

मोठं जेवण दुपारी घ्या. बऱ्याच रेस्टॉरंटांत दुपारचा ठरावीक मेनू असतो आणि तो रात्रीच्या जेवणापेक्षा स्वस्त पडतो. रात्री सुपरमार्केटमधून काहीतरी हलकं आणा. दुकान बंद व्हायच्या सुमारास गेलात तर ताज्या पदार्थांच्या पाकिटांवर अनेकदा सवलतीचं स्टिकर दिसेल.

पाण्याची बाटली रिकामी करून सोबत ठेवा. विमानतळावर तपासणीत भरलेली बाटली बहुधा अडवतात, रिकामी जाते. पुढे नळावर भरायची. मात्र तिथलं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे आधी विचारा.

बिल कार्डाने देताना मशीनने चलन विचारलं, तर स्थानिक चलनच निवडा. आपल्या चलनात दिलं की दर सहसा महाग लागतो.