अल्टो, वॅगनआर, ओम्नी, ८००: एकाचे इंजिन पार्ट दुसऱ्याला घालताना काय बघायचं

आमच्या बेळगाव-खानापूर भागात जुनी ८००, ओम्नी, अल्टो, वॅगनआर अजून भरपूर पळतात आणि इंजिन निकामी झालं की पहिला सल्ला हाच मिळतो, मारुतीचं सगळं एकच की ओ, त्याचं ह्याला बसतंय. बसतंय खरं, पण काय बसतंय आणि कुठल्या गाडीतलं ते नीट कळायला पाहिजे, नाहीतर पैसे दोनदा जातात आणि गाडी महिनाभर गॅरेजात पडून राहते.

आधी मापं डोक्यात घ्या. १२ व्हॉल्व्हच्या ८०० मधलं आणि जुन्या अल्टोतलं इंजिन एफ८डी, तीन सिलिंडर, बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७२ मिमी. जुनी वॅगनआर, अल्टो १.१ आणि सुरुवातीची झेन एस्टिलो ह्यांच्यात एफ१०डी, चार सिलिंडर, पण बोर तोच आणि स्ट्रोकही तोच. एक सिलिंडर साधारण २६५ सीसीचा पडतो, तीन धरले की ७९६ आणि चार धरले की १०६१, झालं. म्हणून पिस्टन, रिंगा असल्या सुट्या वस्तू एकमेकांत जमतात का हे बघण्यात अर्थ आहे. क्रँक, कॅम, हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात), हेडचं पॅकिंग मात्र सिलिंडरच्या संख्येवर असतंय, तिथं विचारूच नका. कार्ब्युरेटरवाली ८०० आणि ओम्नी म्हणजे एफ८बी, त्याचाही बोर-स्ट्रोक हाच, पण व्हॉल्व्ह सहा, म्हणजे हेडमधली जागा वेगळी, त्यामुळे पिस्टनचा माथा जुळवून बघितल्याशिवाय १२ व्हॉल्व्हचा पिस्टन त्यात टाकू नका.

बोर जुळला म्हणजे पिस्टन जुळला असं बरेच जण धरून चालतात, ते चुकीचं आहे. अल्टो के१० आणि वॅगनआर १.० मधलं के१०बी घ्या आणि स्विफ्टमधलं चार सिलिंडरचं १.२ पेट्रोल घ्या, दोन्हीचा बोर ७३ मिमी. पण स्ट्रोक एकाचा ७९.५ आणि दुसऱ्याचा ७१.५, फरक ८ मिमी. त्याचा अर्धा म्हणजे ४ मिमी, पिस्टन वर येण्यात एवढा फरक पडणार, तो ब्लॉकच्या (सिलिंडर असतात त्या मुख्य भागाच्या) उंचीत, कनेक्टिंग रॉडच्या लांबीत किंवा पिस्टनमधल्या पिनच्या उंचीत कुठंतरी भरून काढलेला असतोच. म्हणून जुना पिस्टन आणि आणलेला पिस्टन शेजारी ठेवून व्हर्नियरनं तीन मापं घ्या: पिनचा व्यास, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, रिंगच्या खाचांची रुंदी. तिन्ही जुळली तरच पुढं जायचं. रिंग आणली की बोरमध्ये सरळ ढकला, पिस्टन उलटा करून ढकलली की ती तिरकी होत नाही, मग खालच्या बाजूला, जिथं बोर कमी झिजलेला असतो तिथं, फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगच्या दोन टोकांतलं अंतर बघा आणि मॅन्युअलशी ताडा. रिबोर करायचा, म्हणजे झिजलेला सिलिंडर मोठा करून घ्यायचा असेल तर आधी ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या आणि मगच बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडं जा, त्या पिस्टनच्या मापानं बोर मारून घ्यायचा. उलटं केलंत तर पिस्टन शोधत कोल्हापूर-हुबळी फिरायची पाळी येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काही वस्तू जोडीनंच जन्मतात, त्यांची ताटातूट करायची नाही. हेड आणि कॅमच्या कॅपा, ब्लॉक आणि मेन बेअरिंगच्या कॅपा, कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी, हे सगळं एकत्र बसवून मग भोक मारलेलं असतंय. माझ्या स्वतःच्या वॅगनआर १.० ला चोर्ला घाट चढताना पाणी संपून हेड वाकलं, म्हणून अल्टो के१० चं जुनं हेड आणलं, ते योग्यच होतं, पण गॅरेजात दोन्ही हेडांच्या कॅपा एकाच ट्रेमध्ये धुवायला पडल्या आणि मिसळल्या. कॅम बसवून हातानं फिरवला तर एका जागी अडकायचा. तसाच चालू केला असता तर कॅमही गेला असता आणि हेडही, नशीब हातानं फिरवून बघितलं. तेव्हापासून मी प्रत्येक कॅपेवर मार्करनं नंबर आणि बाण टाकतो, खोलायच्या आधी, आणि मोबाइलवर फोटो काढतो. तुम्हीही करा, पाच मिनिटांचं काम आहे.

ओम्नीचं हाफ इंजिन (हेडशिवायचा खालचा भाग) ८०० ला लावायचं असेल तर एक लक्षात ठेवा, ओम्नीत इंजिन सीटखाली उभं आणि ताकद मागच्या चाकांना, ८०० मध्ये आडवं आणि पुढच्या चाकांना. म्हणून चेंबर (खालचं तेलाचं भांडं), त्यातली तेल ओढायची जाळी, माउंटिंग, मॅनिफोल्ड हे आपल्याच गाडीचं ठेवायचं, आणि चेंबर आणि जाळी जोडीनंच. तसंच इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर, इंजेक्टर, वायरिंग, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आपलंच ठेवा, आणलेल्या इंजिनातून फक्त लोखंड-ॲल्युमिनियम घ्या. क्रँक सेन्सर ज्या दात्यांवर चालतो ते दाते मोजा, वेगळे निघाले तर गाडी चालूच होणार नाही. ईसीएम बदलला तर किल्लीचं इमोबिलायझरही (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक लॉक) परत जुळवावं लागतं.

जुनं इंजिन घेताना प्लग काढून टॉर्चनं बोरमध्ये बघा. आमच्याकडं पावसाळाभर ताडपत्रीखाली ठेवलेल्या इंजिनांच्या बोरला गंज धरतो आणि बाहेरून रंग मारला की काहीच कळत नाही. बिल आणि त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स घ्याच, सीमेपलीकडनं एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरच्या गाडीतलं इंजिन आलं असेल तर नक्कीच. इंजिनचा नंबर ब्लॉकवर असतो, हेड बदललं तर कागदाचा प्रश्न नाही, पण ब्लॉक बदलला तर आरटीओत जाऊन आरसीवर नवीन नंबर चढवावा लागतो आणि इन्शुरन्सवाल्यालाही सांगावं लागतं. अपघातानंतर नंबर जुळला नाही तर क्लेम अडतो.

सगळं जोडून झालं की स्टार्टर लगेच मारू नका. प्लग काढून क्रँकच्या नटला पाना लावून इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा, कुठं अडलं तर तिथंच थांबून खोला. मग तेल भरून, इंजेक्टरचे कप्लर (वायरचे जोड) काढून, प्लग न लावता तेलाचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं स्टार्टरनं फिरवा. त्यानंतर प्लग, कप्लर, कूलंट, आणि पंखा चालू होऊन बंद होईपर्यंत गाडीजवळच उभं राहा.