हिमालयन ब्लॅकबेरीची जाळी मुळापासून कशी काढावी

अमेरिकेच्या वायव्येला, सिएटल-पोर्टलंडच्या बाजूला कुंपणाच्या कडेला, रेल्वेमार्गालगत किंवा बांधकामासाठी उकरून तशीच सोडलेल्या मातीत ही जाळी हमखास उगवते. नाव हिमालयन असलं तरी ती आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची. १८८५ च्या सुमारास वनस्पतींच्या नव्या जाती तयार करणारे ल्यूथर बरबँक यांनी भारतातून आलेलं बी समजून ती अमेरिकेत वाढवली आणि तेच नाव चिकटलं.

कापायच्या आधी ओळख पटवा, कारण तिथली देशी ब्लॅकबेरीही काटेरीच असते आणि ती राखायला हवी. देशी वेल बारीक, गोल, निळसर पांढुरकी झाक असलेली, जमिनीसरपट जाणारी. तिच्या पानाला तीन दलं, म्हणजे एका देठावर तीन छोटी पानं. हिमालयनची कांडी अंगठ्याएवढी जाड, कंगोरेदार, काटे आकड्यासारखे वळलेले. पहिल्या वर्षीच्या कांडीवर बहुधा पाच दलांची पानं येतात आणि ती मागून पांढरट दिसतात.

नुसती छाटणी केली की करवंदीच्या जाळीसारखी ही आणखी दाट फुटते. सगळा जोर जमिनीतल्या गड्ड्यात, म्हणजे कांड्या आणि मुळं जिथे जुळतात त्या गाठीत असतो. शिवाय वाकलेल्या कांडीचं टोक शरद ऋतूत मातीला टेकलं की तिथेच मुळं धरतं, म्हणून एका गड्ड्याचे अनेक होतात.

वसंत ते उन्हाळा जाळीत पक्षी घरटी करतात, तेव्हा हात लावू नका. शरद ते हिवाळा हा काळ उत्तम. पावसाने माती मऊ असते. कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, जाड पँट आणि डोळ्यांना चष्मा हवाच. लांब दांड्याच्या कात्रीने बाहेरून आत कापत जा आणि प्रत्येक कांडीचा फूट-दीड फूट खुंट ठेवा. अगदी जमिनीलगत कापलं तर गड्डा सापडत नाही आणि ओढायला मूठही उरत नाही.

आता खुंट धरून भोवतीची माती कुदळीने मोकळी करा. गड्डा मुठीएवढ्यापासून नारळाएवढा असू शकतो. खालून पहार घालून उचकटा. आडवी मुळं कित्येक फूट पसरलेली असतात, ती सगळी निघणार नाहीत. जाड तुकडे तेवढे वेचा, कारण त्यांतून कोंब येतात. काढलेले गड्डे ओल्या मातीवर टाकून ठेवलेत तर पुन्हा रुजतात. ताडपत्रीवर वाळवा, नाहीतर बागेच्या कचऱ्याच्या डब्यात घाला.

तीव्र उतारावर मात्र खणू नका. तिथे तीच मुळं माती धरून असतात; सगळं एकदम उपटलं तर पावसात कडा घसरते. छोटे पट्टे करून वारंवार कापा आणि मोकळ्या झालेल्या प्रत्येक पट्ट्यात लगेच देशी झुडपं लावा. स्नोबेरी किंवा थिंबलबेरी चालेल.

सपाट जागी सहा इंच जाडीचा लाकडाच्या ढलप्यांचा थर द्या. उघडी माती ठेवली तर पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं बी आणि मातीतलं जुनं बी, दोन्ही उगवतं. मार्चपासून दर तीन-चार आठवड्यांनी फेरी मारा. वीतभर कोंब ओल्या मातीतून मुळासकट सहज निघतो, जूनपर्यंत थांबलात तर पुन्हा कुदळ लागेल. ही राखण निदान तीन वर्षं करावी लागते.