पैदाशीच्या हंगामात मारका नर कसा सांभाळाल?

दिवस लहान होऊ लागले की शेळ्या-मेंढ्यांच्या पैदाशीचा हंगाम जवळ येतो. रात्र वाढते तसे नराच्या अंडकोशांना चालना मिळते आणि रक्तातले टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचे मुख्य हार्मोन, चढते. विषुववृत्तापासून दूर हा चढ ठळक असतो; जवळच्या भागात नर वर्षभर कमी-अधिक माजावर असतात. माजलेला बोकड लगेच ओळखू येतो. दाढीवर आणि पुढच्या पायांवर मूत उडवतो, वरचा ओठ मुडपून हुंगतो, जीभ काढून फुरफुरतो, खुराकाकडे पाहत नाही.

टेस्टोस्टेरॉन वाढले म्हणून नर मारतो, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. १८४९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड बेर्थोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांचे अंडकोश काढले, तेव्हा तुरा खुरटला, आरवणे आणि झुंजणे थांबले. अंडकोश पोटात परत बसवल्यावर सगळे पुन्हा सुरू झाले. पण १९९० मध्ये जीवशास्त्रज्ञ जॉन विंगफिल्ड आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या अभ्यासातून दुसरी बाजू मांडली: प्रतिस्पर्धी समोर आला की त्या सामन्यामुळेच टेस्टोस्टेरॉन वाढते. माणसांतही स्पर्धेच्या वेळी ते वाढू शकते, मात्र त्याची पातळी आणि आक्रमकपणा यांचा संबंध बराच कमजोर आढळतो.

म्हणजे गोठ्याची रचना तुमच्या हातात आहे आणि तिचा परिणाम होतो. दोन पैदाशीचे नर जाळीच्या अल्याड-पल्याड ठेवले, तर त्यांचा सामना दिवसभर चालूच राहतो. मध्ये भरीव आडोसा घाला. माजावरच्या माद्या त्यांच्या नजरेसमोर बांधू नका.

अनोळखी मेंढे एकत्र सोडायचे असतील तर मोकळ्या रानात सोडू नका. मेंढा मागे सरकून, धाव घेऊन टक्कर देतो. मानेला जीवघेणी इजा होते ती त्या धावेमुळे. आधी एक-दोन दिवस इतक्या अरुंद खोपट्यात ठेवा की मागे सरकायला जागाच उरणार नाही. पाणी ठेवा, हवा खेळती असू द्या, उन्हाच्या वेळी लक्ष ठेवा. शिंगाळा आणि बिनशिंगी नर एकत्र कोंडू नका.

बाटलीवर एकट्याने वाढवलेल्या नर वासराबाबत माझे मत ठाम आहे: ते पैदाशीसाठी ठेवू नये. माणसांतच वाढलेला वळू मोठेपणी माणसालाच प्रतिस्पर्धी समजतो. त्याच्या कपाळाला हात लावून ढकलाढकलीचा खेळ तर कधीच खेळू नका, मुलांनाही खेळू देऊ नका. वळू आडवा उभा राहिला, मान फुगवली, डोके खाली घालून खुराने माती उकरू लागला की तो इशारा असतो. पाठ फिरवू नका, पळू नका. त्याच्याकडे पाहत हळूहळू मागे सरका आणि बाहेर पडा. वळूच्या आवारात एकट्याने जाऊच नये.

पैदाशीला नको असलेले नर वेळेत खच्ची करा, पशुवैद्यकाकडून, भूल देऊन आणि धनुर्वाताची लस टोचून. बोकड फार लहान वयात खच्ची केल्यास मूत्रमार्ग अरुंद राहतो आणि मुतखडा अडकण्याचा धोका वाढतो, म्हणून वय विचारून ठरवा. खच्ची केलेल्या प्रौढ नराचे टेस्टोस्टेरॉन लवकर उतरते, पण लढायची सवय काही आठवडे टिकते, कधी कायमचीच. वीर्य वाहणाऱ्या नळीत शुक्राणू उरलेले असू शकतात, म्हणून सहा ते आठ आठवडे माद्यांपासून दूर ठेवा.

पैदाशीच्या नराचा खुराक हंगामाच्या दोन महिने आधी वाढवा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. आणि नर सुस्त वाटला म्हणून टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन मुळीच देऊ नका. बाहेरून हार्मोन मिळू लागले की मेंदू अंडकोशांना संदेश देणे कमी करतो आणि शुक्राणू घटतात. त्याऐवजी खूर, वजन आणि अंडकोशातली सूज तपासून घ्या.