व्ह्यूज दोन लाख, क्लायंट शून्य! ट्रेनर मंडळींनो, या चुका टाळा

महिन्यातून एखादा तरी नवा ट्रेनर फोन करतोच. "सर, रोज रील टाकतोय, पण क्लायंट येईनात." मी त्याचं प्रोफाइल उघडतो. वरच्याच रांगेत दात-ओठ खाऊन उचललेली १८० किलोची डेडलिफ्ट, मागे पंजाबी गाणं, खाली "नो पेन नो गेन". बायोमध्ये गावाचं नाव नाही. हा कोल्हापुरात शिकवतो की कानपुरात, कळायला मार्ग नाही.

हसू येतं, पण मी स्वतः हेच केलंय.

२०२० च्या जुलैत, टिकटॉकवर बंदी आल्यावर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणल्या. जिमला कुलूप होतं, हातात वेळच वेळ. गच्चीवर लोखंडी बार ठोकला आणि मसल-अपची (बारला लटकून अख्खं अंग बारच्या वर नेण्याची) रील टाकली. दोन लाखांवर व्ह्यूज गेले. मी आठवडाभर हवेत. मेसेज कसले आले? "भावा, बायसेप किती इंच?" "भाई कौनसा प्रोटीन लेते हो?" सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं, निम्मी राज्याबाहेरची. दसऱ्याला जिम उघडल्या, तेव्हा त्या दोन लाखांतला एकही माणूस दारात उभा नव्हता.

त्याच हिवाळ्यात आमच्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर रोज फिरायला येणारे एक काका म्हणाले, "पंगतीला खाली बसतोय रे, पण उठताना पोराचा हात लागतोय." घरी येऊन फोन कुंडीला टेकवला आणि चाळीस सेकंदांची रील केली. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, ते जमलं की स्टुलावरून, मग चौरंगावरून, शेवटी जमिनीवरून. फोन तिरका, उजेड यथातथा, मधे आमच्या कुकरची शिट्टी. व्ह्यूज जेमतेम एकोणीसशे. पण मेसेज आले अकरा, आणि त्यातले चारजण रंकाळ्याच्या आसपासचेच. एकजण अजून येतात, आता त्यांचे व्याहीसुद्धा येतात.

तुमची डेडलिफ्ट बघतात ते दुसरे ट्रेनर आणि पोरं. पैसे देणारा माणूस जिमला घाबरून घरी बसलेला असतो, त्याला तुमचा दंड बघून आणखी धडकी भरते. मी एक वही ठेवलीय. क्लायंट जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत त्यात उतरवतो: "जिना चढताना दम लागतो", "बाळंतपणानंतर पाठ धरते", "गंगावेशीतल्या कट्ट्यावर रोज दूध पितो, मग पावडर कशाला?" रीलचं पहिलं वाक्य त्या वहीतूनच येतं. "कोअर स्टॅबिलिटी" (पोट-कमरेची पकड) हा शब्द माझ्याकडे आलेल्या एकाही माणसाने आजवर उच्चारलेला नाही. आणि ओट्स-ब्लूबेरीच्या बशा दाखवू नका हो, इथे माणूस भाकरी आणि तांबडा-पांढरा खातो. त्याला भाकरी किती आणि रस्सा किती, एवढंच सांगा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. बिफोर-आफ्टर फोटो.

माझ्याकडे एक वहिनी यायच्या, दुकान सांभाळून. दहा महिन्यांत नऊ किलो उतरवलेले, तेही नेटाने. मी म्हटलं, "फोटो टाकू का?" त्या घाईत चप्पल घालत म्हणाल्या, "टाका की सर." टाकला. चेहऱ्यासकट. त्यांच्या नणंदेने त्यातला फक्त जुना अर्धा कापून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली हसण्याचे इमोजी. वहिनी माझ्यावर रागावल्या नाहीत. यायच्या बंद झाल्या, इतकंच. उरलेल्या फीचं विचारलं तर "राहू दे सर" असा मेसेज. मी पोस्ट काढली, पण फोटो जायचा तिथे जाऊन पोहोचला होता.

तेव्हापासून माझा नियम: घाईतला होकार हा होकार नाही. नेमका फोटो आणि खालचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतो. चेहरा दिसणार की झाकायचा, कुठे कुठे टाकणार, तेही लिहितो. "कधीही म्हणालात तरी काढेन" हे वाक्य असतंच. उत्तर लेखी आलं तरी आठवडाभर थांबून पुन्हा विचारतो. निम्मे लोक त्या आठवड्यात नाही म्हणतात, म्हणू देत. खरं तर आता मी फोटोंपेक्षा आवाज वापरतो. "काल गौरीचं सामान घेऊन तीन मजले न थांबता चढले" अशी दहा सेकंदांची व्हॉइस नोट, नाव न घेता. शिवाय बिफोर-आफ्टर फोटोंची जाहिरात करायला गेलात तर मेटा, म्हणजे इन्स्टाग्रामची मालक कंपनी, बहुतेक वेळा ती नाकारतं. "तुमचं वजन वाढलंय का?" असं थेट विचारलंत तरी नाकारतं, कारण बघणाऱ्याच्या शरीरावर बोट ठेवलेलं त्यांच्या नियमांत बसत नाही. मग पोरं मला विचारतात, पैसे भरूनही पोस्ट बूस्ट का होईना!

आता "३० दिवसांत १० किलो घटवा". हे लिहिणाऱ्याला मी एकदा कागद-पेन देऊन बसवणार आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलोच्या ७७,००० झाल्या. तीसने भागा, रोजची तूट अडीच हजारांवर जाते. अनेकांचं दिवसभराचं खाणंच तेवढं नसतं. पहिल्या आठवड्यात काटा धाडकन खाली येतो तो बराचसा पाण्याचा, आणि तो फोटो दाखवून फी घेणाऱ्याला दुसऱ्या महिन्यात तोंड लपवावं लागतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सूचना काढल्यात: फिटनेसचे तज्ज्ञ म्हणून माहिती देताना आपलं प्रमाणपत्र आहे हे सांगायचं. असेल तर बायोत लिहा. नसेल तर आधी ते मिळवा, रिंग लाइट नंतर घ्या.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

फॉलोअर विकत घेणे. यावर मी बोलणार नाही, रक्तदाब वाढतो.

जिममधल्या दुसऱ्या बायकांना मागे ठेवून शूटिंग करणे. कॅमेरा भिंतीकडे वळवा.

दिवाळी, पाडवा, नेत्यांचा वाढदिवस, प्रत्येकाला स्वतःच्या फोटोसह शुभेच्छा. चौकातले फ्लेक्स कमी आहेत का?

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करून "मेसेज पोहोचतच नाहीत" म्हणणे. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो जातो. मी पहिल्या भेटीतच समोर उभं राहून नंबर सेव्ह करून घेतो.

गूगलवर जागेची नोंद न करणे. फुकट आहे, आणि "जवळचा ट्रेनर" शोधणारा माणूस रील बघत नसतो.

तीन आठवड्यांत कंटाळून सगळं डिलीट करणे. माझ्याकडे पहिला माणूस रील बघून आला तो सातव्या महिन्यात, तोही म्हणाला, "कधीपासून बघतोय तुम्हाला." इतके दिवस बघत होता, आणि एकदाही लाइक केलं नव्हतं.

फी विचारणाऱ्याला उत्तर न देणे, किंवा "इनबॉक्स केलंय" म्हणून लपवणे. मी आकडा उघड लिहितो. ज्याला परवडत नाही त्याचाही वेळ वाचतो. पहिल्या मेसेजला तयार उत्तर चिकटवत नाही, नाव घेऊन व्हॉइस नोट पाठवतो. रात्री नऊनंतर मात्र नाही, बायकोचा नियम आहे.

परवा फोन केलेल्या त्या डेडलिफ्टवाल्या पोराचा काल मेसेज आला, "सर, बायोत राजारामपुरी, कोल्हापूर लिहिलंय." मी कळवलं, बरं केलंस, आता ते गाणं काढ.