माउंट थॉरची मोहीम कशी आखावी

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील बॅफिन बेटावर, आर्क्टिक वृत्ताला लागून, माउंट थॉर उभा आहे. त्याची उंची केवळ 1,675 मीटर असली तरी पश्चिमेचा ग्रॅनाइटचा कडा सुमारे 1,250 मीटर खोल आहे. म्हणून मोहीम आखताना, आपल्याला शिखर गाठायचे आहे की हा कडा चढायचा आहे, हे सर्वांत आधी ठरवावे. 1965 मध्ये लायमन स्पिट्झर आणि डोनाल्ड मॉर्टन हे दोन खगोलशास्त्रज्ञ शिखरावर प्रथम पोहोचले, ते पश्चिम कडा टाळून. तो कडा त्यानंतर वीस वर्षांनी, 1985 मध्ये, चार अमेरिकी आरोहकांनी सर केला आणि त्यासाठी त्यांना 33 दिवस लागले.

इतका काळ लागण्याचे मोठे कारण कड्याच्या कोनात आहे. सरासरी 105 अंशांचा हा कडा उभ्या रेषेच्याही पुढे झुकलेला असल्यामुळे दोरावरून उतरणारा माणूस खडकापासून दूर, अधांतरी लोंबकळतो; साहजिकच अर्ध्यातून माघार घेणे अत्यंत अवघड होते. माघारीची योजना ज्यांनी चढाईइतकीच बारकाईने आखलेली नाही, त्यांनी या कड्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कड्यावर टांगून झोपण्याची व्यवस्था, अन्न, पाणी आणि वादळात अडकल्यास पुरेल असा जादा साठा, हे सारे स्वतःच वर ओढून न्यावे लागते.

पायथ्यापर्यंतचा प्रवास नुनावुतची राजधानी इकालुइटहून विमानाने पँगनिर्टुंग गावी, तेथून फियॉर्डमधून (डोंगरांमधल्या अरुंद खाडीतून) ओव्हरलॉर्ड या उद्यानाच्या प्रवेशस्थळी आणि पुढे वीझल नदीच्या खोऱ्यातून पायी असा होतो. फियॉर्डच्या टप्प्यात वसंतात बर्फावरून स्नोमोबाइल (बर्फावर चालणारे वाहन) जाते, उन्हाळ्यात होडी जाते. मधल्या काळात, बर्फ फुटत असताना, दोन्ही बंद असतात. वाटेतले हिमनद्यांचे ओढे दुपारनंतर फुगतात, म्हणून ते पहाटेच ओलांडावेत.

माउंट थॉर ज्यात आहे त्या औयुइत्तुक राष्ट्रीय उद्यानात शिरण्यापूर्वी नोंदणी आणि माहितीसत्र अनिवार्य आहे. ध्रुवीय अस्वलांविषयीच्या सूचना तेथे नीट ऐकाव्यात. सुटका पथक यायला कित्येक दिवस लागू शकतात, त्यामुळे उपग्रह फोन आणि प्रथमोपचाराचे पक्के शिक्षण या दोन्हींवाचून निघू नये. परतल्यावर आपण सुखरूप बाहेर आल्याची नोंद उद्यानाच्या कार्यालयात न विसरता करावी.