डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना नवीन शब्द कसे शिकवावेत

माझ्या भाचीला डाऊन सिंड्रोम आहे. 'कोथिंबीर म्हण, कोथिंबीर म्हण' असं आम्ही तिच्या वर्षभर मागे लागलो. ती 'बीर' एवढंच म्हणायची. चूक आमची होती. २१व्या गुणसूत्राची जादा प्रत असलेल्या या मुलांना कानावर पडलेले आवाज ओळीने धरून ठेवणं जड जातं. शब्द लांब असला की सुरुवातच निसटते. डोळ्यांनी पाहिलेलं मात्र त्यामानाने बरं लक्षात राहतं. शिकवायचं ते हे धरूनच.

आधी कान तपासा. पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणं या मुलांत फार आढळतं, आणि ते पुन्हा पुन्हा होऊ शकतं. म्हणून एकदा तपासून थांबू नका. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, कान-नाक-घसा विभाग आहे.

मग शब्द निवडा. एका वेळी चारच, आखूड, रोज हाताशी येणारे आणि घरात बोलता तेच. आपल्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तक्त्यावर कोथिंबीर आणि आजीच्या तोंडी सांबार, अशा दोन नावांत लेकराला कशाला अडकवायचं? सीताबर्डी या इथल्या बाजारपेठेचं नावही अख्खं नको, नुसतं बर्डी.

आता जुडी तिच्या हातात द्या, वास घेऊ द्या. तुमचं तोंड तिला दिसेल असं बसा, सावकाश 'सांबार' म्हणा आणि सोबत हाताची एक ठरलेली खूण करा. खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती मनातून काढा. खुणेचा शब्दाला आधारच होतो. मोठ्या अक्षरांत लिहिलेली पट्टीही दाखवा, वाचता येत नसलं तरी. आवाज विरतो, पट्टी समोर राहते.

'म्हण, म्हण'चा धोशा नको. पाच मिनिटांनी सांबार आणायला सांगा, संध्याकाळी पुन्हा, दोन दिवसांनी गोकुळपेठेच्या बाजारात. अडली तर शब्द लगेच पुरवा, चुकीचा तोंडात बसू देऊ नका. विचारल्यावर तिनं बरोबर जुडीकडे बोट दाखवलं, तर शब्द तिला समजला. उच्चार मागून येईल. भाचीनं बाजारात खूण करून 'बार' म्हटलं आणि भाजीवाल्या काकूंनी जुडी पुढे केली, तेव्हा माझे डोळे भरून आले.

विल्यम्स सिंड्रोमला ही रीत जशीच्या तशी लावू नका. ७व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसलेली ही मुलं ऐकलेले शब्द तुलनेनं चांगले लक्षात ठेवतात, भरभरून बोलतात, त्यामुळे त्यांना सगळं समजलं असं आपल्याला वाटतं. अडतं ते 'वर, खाली, मागे' अशा शब्दांत. डबा आलमारीच्या मागे ठेवायला सांगून बघा, आणि मूल चुकलं तर त्याचा हात धरून ठेवून दाखवा.